पिल्लांचा पहिला घास लांबवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ब्रॉयलर पिल्लांचे खोके शेडवर उतरले की आधी गूळपाणी आणि मग एक-दोन दिवस नुसता मक्याचा भरडा देण्याची रीत आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, तेव्हा खाद्याची घाई नको, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. ही समजूत पिल्लांना महाग पडते.

हॅचरीतील (अंडी उबवणी केंद्रातील) सगळी पिल्ले एकाच वेळी अंड्याबाहेर येत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात 24 ते 36 तासांचे अंतर पडू शकते, आणि निवड, लसीकरण व वाहतूक यांत आणखी वेळ जातो. म्हणजे आधी बाहेर आलेले पिल्लू आपल्यापर्यंत पोचते तेव्हा ते दीड-दोन दिवसांचे उपाशी असू शकते. बलकावर ते तगते हे खरे, पण बलकात आईकडून आलेली प्रतिपिंडेही असतात. ती पोटाची भूक भागवण्यात खर्ची पडू नयेत.

पहिल्या आठवड्यात लहान आतडे बाकी शरीरापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. त्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे याच दिवसांत लांब होतात आणि पुढे खाल्लेले अंगी लागणे त्यांच्यावरच अवलंबून असते. या अस्तराच्या पेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लावर (प्रथिनांच्या घटकावर) पोसल्या जातात, तर त्यावरचा संरक्षक बुळबुळीत थर तयार होण्यासाठी थ्रिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल भरपूर लागते. मक्यात प्रथिने जेमतेम 8-9 टक्के, त्यातही लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे. गूळ तर केवळ ऊर्जा देतो. भरड्यामुळे विष्ठा मागे चिकटत नाही, असे अनेकजण सांगतात, मात्र त्या तक्रारीत ब्रूडरखाली (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली) ऊब कमी-जास्त होण्याचा मोठा वाटा असतो.

प्रवासाने थकलेल्या पिल्लांना सुरुवातीला गूळपाणी द्यायला हरकत नाही, परंतु त्याच वेळी कागदावर बारीक प्री-स्टार्टर (पहिल्या दिवसांसाठीचे तयार खाद्य) पसरलेले असावे. रात्री काही पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपावी: मऊ आणि भरलेली असेल तर ठीक, टणक लागली तर पाणी कमी पडले आहे, नुसती पाणचट लागली तर खाद्य.

कंपनीसाठी पिल्ले वाढवून देण्याच्या करारपद्धतीत कमी वजनाचा फटका शेवटी शेतकऱ्यालाच बसतो. म्हणून पिल्ले उबवणी यंत्रातून काढल्याची वेळ हॅचऱ्यांनी पिल्लांसोबतच्या चलनावर (पावतीवर) लिहावी आणि पशुसंवर्धन विभागाने आपल्या प्रशिक्षणांत भरड्याची शिफारस होत असल्यास ती थांबवावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक कुक्कुटपालक, संगमनेर