आधी शाफ्ट हलवून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या देखभालीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. गाडी मिसिंग करू लागली, पिकअप घेईना, की डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क, आणि कंडेन्सर काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवा, असा सरसकट सल्ला त्यात दिला आहे. किटला माझा विरोध नाही. पण ते बसतं वर, पॉइंट उघडणाऱ्या कॅमपाशी. घासलेला बुश (डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या शाफ्टचा आधार), वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा आणि गंज चढलेली वजनं हे सगळं खाली जसंच्या तसं राहतं. मग महिनाभराने कार्बोरेटरला शिव्या बसतात.

मी निवृत्त टर्नर आहे. जन्म लेथवर गेला, त्यामुळे थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबाची सवय आहे. माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये लुकास कंपनीचा डिस्ट्रिब्युटर आहे आणि त्याचा पॉइंट गॅप साधारण १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. शाफ्ट बुशमध्ये नुसता ४ थाऊ बाजूला झुकला तरी गॅपचा पाव हिस्सा इकडचा तिकडे होतो. गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते; कमी झाला की मागे पडतं. इंजिन ३००० आरपीएमला असताना चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. त्यातली प्रत्येक ठिणगी थोडी वेगळ्या क्षणी पडत असेल, तर गाडी गुळगुळीत चालणार कशी?

म्हणून कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) आणि रोटर (आतला ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) काढून आधी शाफ्ट बोटांनी बाजूला ढकलून पाहावा. यात एक मेख आहे. कॅम हा शाफ्टवर वरून बसवलेला वेगळा भाग असतो. डुगडुगतोय तो कॅम, की बुशमध्ये शाफ्टच, हे नीट पाहिल्याशिवाय बुश बदलायला घेऊ नये. मग कॅम फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडावा. तो चटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर खालची वजनं अडकताहेत.

लेखात फिलर गेजवर, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांवर, फार भर आहे. नव्या पॉइंटसाठी ठीक. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ येतं आणि समोर खड्डा पडतो. फिलरची पट्टी टेंगळावर टेकते आणि खरा गॅप दाखवतच नाही. अशा वेळी ड्वेल, म्हणजे कॅम फिरताना पॉइंट जितके अंश बंद राहतात तो कोन, दाखवणारा मीटर लावावा. लुकासच्या २५डी४ या मॉडेलला ड्वेल ६० अंश लागतो, तीन अंश इकडेतिकडे चालतो. व्हॅक्यूमची नळी (इंजिनच्या ओढीने टायमिंग बदलणाऱ्या युनिटची) काढून ठेवा, आयडलला आकडा बघा, मग रेस वाढवून बघा. आकडा जागेवर थांबत नसेल, तर संशय शाफ्ट आणि बुशवर घ्यायचा.

टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीबरोबर लखलखणारी बत्ती, तर याहून बोलकी. क्रँकच्या पुलीवरची खूण नाचत असेल तर कुठेतरी झीज आहे, मात्र टायमिंग चेन ढिली असली तरी ती नाचते, हेही ध्यानात असू द्यावं. मला आवडणारी तपासणी अशी: लाईटचा क्लिप एक नंबरच्या वायरवरून काढून चार नंबरला लावायचा. दोन्ही सिलिंडरांत ठिणगी क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने पडते, म्हणजे खूण त्याच जागी दिसायला हवी. वेगळी दिसली तर कॅमची टोकं सारखी झिजलेली नाहीत किंवा शाफ्ट वाकलाय.

स्प्रिंगांबद्दल लेखात काहीच नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन स्प्रिंगा मुद्दाम असमान असतात. एक बारीक, ताणलेली. दुसरी जाड आणि थांबलेल्या अवस्थेत चक्क सैल, कारण तिचं काम वरच्या आरपीएमला सुरू होतं. ती सैल दिसते म्हणून खराब ठरवून कडी आवळणारे कारागीर आहेत. त्यानंतर गाडी वरच्या रेसला मरगळते आणि कारण कोणालाच सापडत नाही.

व्हॅक्यूम युनिटची नळी तोंडाने ओढून धरावी. पॉइंट बसवलेली आतली प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर पडदा फाटलाय.

सर्वांत फसवी असते ती आतली छोटी अर्थ वायर. कापडी वेष्टण शाबूत दिसतं आणि आतले तारांचे धागे तुटलेले असतात, कारण प्लेट हलेल तशी ती सतत वाकत असते. मीटर लावून प्लेट बोटाने हलवावी. रीडिंगने उडी मारली की चोर सापडला. नव्या रोटरवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीत धरून रोटरच्या पितळेपासून थोडी लांब ठेवा आणि इग्निशन चालू करून पॉइंट उघडा. ठिणग्या पुन्हा पुन्हा रोटरवर उडत असतील, तर करंट त्यातून शाफ्टला गळतोय.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तर खुशाल किट बसवा. झीज निघाली तर आधी ती दुरुस्त करा. आणि किट बसवल्यावरही रोटरखालच्या स्क्रूवर पातळ तेलाचे दोन थेंब अधूनमधून सोडत राहा. स्क्रू काढायची गरज नाही, तेलाला त्याच्या बाजूने वाट ठेवलेली असते. पुरवणीच्या पुढच्या भागात लेखकाने किमान ड्वेल आणि टायमिंग लाईटची पद्धत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टर्नर