लेकीला लॅबमध्ये जाऊ दे रे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास ना, लेकीला मायक्रोबायोलॉजीत एमडी करायचंय आणि तुला ते पटत नाहीये, प्रॅक्टिस नाही, पेशंट नाहीत, पोरगी जन्मभर लॅबमध्ये बसणार, तेव्हा मी गप्प बसले. पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहितेय.

आपल्या रेसिडेन्सीतलं आठव. टीबीचं कल्चर लावायचो, म्हणजे बेडक्यातले जंतू एलजे मीडियमवर, त्यांच्या खाद्यावर, वाढवायचो, अंडी फोडून घोटायची, त्यात मॅलाकाइट ग्रीन, म्हणून ती हिरवी बाटली. दर आठवड्याला उजेडात धरून बघायची, पाच-सहा आठवड्यांनी पावाच्या चुऱ्यासारखं पिवळट खरखरीत काहीतरी उगवायचं आणि मग कुठलं औषध चालेल ते कळायला अजून महिना. भोरकडचा एक मुलगा होता, विशीतला. रिफाम्पिसिन, टीबीचं मुख्य औषध, चालत नाही असा त्याचा रिपोर्ट मी स्वतः वॉर्डात घेऊन गेले तर त्या बेडवर दुसराच पेशंट. सिस्टर म्हणाल्या, तो जाऊन दहा दिवस झाले. कागद एप्रनच्या खिशात घालून तशीच परत आले. रिपोर्ट बरोबर होता रे, उशिरा होता, ते आजही बोचतं.

आता जीनएक्स्पर्ट मशीनवर दोन तासांत कळतं, टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालणार का, दोन्ही. पण डबीत नुसती लाळ आली तर मशीन तरी काय करणार? म्हणून मी अजूनही सकाळी खिडकीशी उभी राहते, एकेका आजीला सांगते, आधी चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतनं खोकून बेडका काढा. तू म्हणतोस पेशंट नाहीत!

आणि पुण्यात राहून असं म्हणतोस? २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला, नायडू हॉस्पिटलबाहेरची ती रांग तू पाहिलीयेस. ३० जानेवारी २०२० ला केरळातली देशातली पहिली कोरोना केस कन्फर्म झाली ती आपल्या पुण्याच्या एनआयव्हीत, विषाणू संस्थेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएसने, म्हणजे गिया बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराने, माणसांचे हातपाय लुळे पडायला लागले, तेव्हा शौचाच्या नमुन्यांत दूषित पाण्यातूनही पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि मग सगळे पाण्याच्या मागे लागले. आधी कुणीतरी लॅबमध्ये बसलेलं होतं ना.

लेकीला एखाद्या शनिवारी माझ्याकडे पाठव. एलजेच्या बाटल्या आम्ही अजून लावतो, सध्या एकीत उगवायला लागलंय, तिच्या हातात देते.

तुझीच मैत्रीण