गाडीतली बटणं परत द्या

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

पेपरात गाड्यांबद्दल बरंच छापून येतं, मायलेज किती, सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंचाचा, पण ती गाडी घेऊन मुंबईच्या पावसात रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला काय त्रास होतो त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. विषय साधा आहे. नव्या गाड्यांमधली बटणं आणि गोल फिरवायचे नॉब एकेक करून गायब होतायत आणि सगळं त्या टचस्क्रीनमध्ये कोंबलं जातंय, एसीचा पंखा त्यात, हवा पायावर की काचेवर ते त्यात, रेडिओचा आवाज त्यात. या गोष्टी गाडी पळत असताना वापरायच्या असतात हो. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीत सगळं छानच वाटतं.

जुलैतली कुठलीही संध्याकाळ घ्या. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, घाटकोपर सोडलंय, पाऊस असा की वायपर फुल स्पीडला टाकूनही समोरच्या टेम्पोचे फक्त लाल दिवे दिसतायत आणि त्यात काच आतून धुरकट व्हायला लागते. बाहेरून पाण्याने काच गार झालेली, आत माणसांचे श्वास आणि ओले कपडे, तो सगळा दमटपणा गार काचेवर जाऊन बसतो. उपाय सगळ्या ड्रायव्हर लोकांना पाठ आहे, एसी चालू ठेवायचा आणि हवा काचेवर सोडायची, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो आणि काच बघता बघता साफ होते. माझ्या आधीच्या गाडीत त्याला नॉब होता, शेवटपर्यंत फिरवला की काम झालं, नजर रस्त्यावरून हलायची गरजच नाही. आताच्या गाडीत स्क्रीनवर मॅप चालू असतो, तो सोडून एसीच्या पानावर जायचं, तिथे माणसाची बारीक बारीक चित्रं आहेत त्यातलं बरोबर चित्र दाबायचं, मग पंखा वाढवायला एक पट्टी आहे ती बोटाने सरकवायची, आणि तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं की बोट उडून भलत्याच जागी लागतं आणि भलतंच पान उघडतं, की परत मागे या, परत शोधा, आणि हे सगळं होईपर्यंत समोरची काच पांढरी झालेली असते.

हिशोब करून बघा. ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली गेली की ३३ मीटर तुम्ही न बघता चालवलेत. कोस्टल रोडला सरळ रस्त्यावर ८० ची मर्यादा आहे, तिथे तेच ४४ मीटर होतात, अटल सेतूवर १०० ने जात असाल तर ५६. आणि हायवेवर मध्येच बाईकवाला कुठून येतो, साचलेल्या पाण्याखाली खड्डा कुठे असतो, हे मी मुंबईकरांना सांगायला नको.

ओल्या बोटाची तर वेगळीच कथा. हे स्क्रीन बोटामुळे विजेच्या चार्जमध्ये होणारा बदल ओळखून चालतात, आणि पाणी पण तोच बदल करतं, त्यामुळे छत्री मिटून गाडीत बसलेल्या माणसाचं बोट कधी लागतच नाही, तर कधी स्क्रीनवर पडलेला थेंब स्वतःच काहीतरी दाबून बसतो. चार महिने पाऊस पडणाऱ्या शहरात अशी वस्तू गाडी चालवणाऱ्याच्या हाताशी देताना कोणी विचार केला असेल असं मला तरी वाटत नाही. घरात लाइट गेलेली असताना पण जिन्यातलं बटण आपल्याला हाताने चाचपडून सापडतं, कारण ते भिंतीतून वर आलेलं असतं आणि रोज त्याच जागेवर असतं. काचेच्या सपाट पाटीवर चाचपडून काय सापडणार? आणि सॉफ्टवेअर अपडेट आलं की सवयीची जागा पण बदलते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते कायद्याचं. गाडी चालवताना हातात मोबाइल धरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली तो धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा आहे, आणि तो असायलाच पाहिजे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण तोच ड्रायव्हर मोबाइलच्या दुप्पट आकाराच्या स्क्रीनमध्ये मेन्यूच्या आत मेन्यू उघडत बसला तर त्याला कोणी विचारत नाही, कारण तो स्क्रीन कंपनीने बसवलेला आहे. डोळे तर दोन्हीकडे सारखेच रस्त्यावरून हटतात ना?

ही माझ्या एकट्याची कुरकुर नाही. स्वीडनमधल्या ‘वी बिलागारे’ या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये एक टेस्ट घेतली होती, ताशी ११० च्या स्पीडला एसी, रेडिओ वगैरेची नेहमीची चार कामं करायला ड्रायव्हरला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि गाडी समजून घ्यायला आधी वेळही दिला होता. २००५ सालची बटणवाली जुनी व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात ती ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या टचस्क्रीनवाल्या गाडीला लागले ४४.६ सेकंद, म्हणजे सव्वा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर! सतरा वर्षं जुनी गाडी पुढे आणि नवी मागे.

गाड्याच कशाला, अमेरिकेच्या नौदलाचं बघा. २०१७ मध्ये त्यांची ‘जॉन मॅककेन’ नावाची युद्धनौका सिंगापूरजवळ एका टँकरला धडकली आणि १० नौसैनिक गेले. चौकशीत ट्रेनिंग कमी पडल्याचं निघालं आणि त्याबरोबर टचस्क्रीनवरची कंट्रोल्स गोंधळात टाकणारी होती हे पण निघालं. २०१९ मध्ये त्यांनी तशा जहाजांवरचे वेगाचे टचस्क्रीन काढून परत हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. तिथले खलाशी तर रीतसर शिकलेले असतात, आपल्याकडे नवीन गाडीची चावी देताना सेल्समन जेमतेम ब्लूटूथ जोडून देतो.

मग कंपन्या हे का करतात, तर स्वस्त पडतं म्हणून. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, ते हजारो वेळा दाबून टिकतं का ते बघावं लागतं, उलट एक स्क्रीन बनवला की तोच पाच मॉडेलमध्ये चालतो आणि उरलेलं सॉफ्टवेअरवर ढकलता येतं. वर गिऱ्हाइकाला ते मॉडर्न म्हणून विकता येतं. आवाजाने कंट्रोल करा असं सांगतात, पण माझ्या गाडीला मराठी कळत नाही आणि मागे मुलं बोलत असली की इंग्रजी पण कळत नाही.

आता दुरुस्तीची बाजू. आमच्या घरी वडिलांची १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिचं रिस्टोरेशन सध्या कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये चालू आहे. ही गाडी कुर्ल्यातच प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, काळीपिवळी म्हणून अख्ख्या मुंबईने तिच्यात प्रवास केलाय. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, वीस वर्षांची मर्यादा भरली तशी ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती पण रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी दिसते ती रॅलीत, नाहीतर आमच्यासारख्या कोणाच्या तरी घरी ताडपत्रीखाली.

आमच्या गाडीचा खालचा पत्रा समुद्राच्या हवेने खाल्लेला होता, मॅट उचललं तर खालून जमीन दिसत होती. तो कापून नवा पत्रा वेल्ड केला. मिस्त्रींनी आधीच बजावलं की भोकांत पुटीन म्हणजे लांबी भरून वरून रंग मारून देणारे गल्लोगल्ली भेटतील, दोन पावसाळ्यांत फुगून बाहेर येईल, पत्राच बदला. डेंटिंगला महिने गेले पण काम असं झालंय की दरवाजा बंद करताना आवाजावरून कळतं. पण मला सांगायचंय ते वायपरच्या स्विचबद्दल. स्विच चालत नव्हता. मिस्त्रींनी तो डॅशबोर्डमधून काढला, स्टूलवर ठेवून स्क्रू ड्रायव्हरने उघडला, आत तांब्याच्या दोन पट्ट्या हिरव्या पडलेल्या. पॉलिश पेपरने घासल्या, एक स्प्रिंग दबली होती ती डब्यातल्या दुसऱ्या स्प्रिंगने बदलली, थोडं ग्रीस लावलं, बंद केला, आणि चहा येईपर्यंत वायपर चालू! जो पार्ट मिळत नाही तो सीएसटी रोडच्या दुकानांत नाहीतर चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला शोधायचा, तिथेही नसेल तर बुश वगैरे लेथवर बनवून घ्यायचा. चाळीस वर्षांच्या गाडीत असं काहीच नाही जे हात आणि डोकं असलेल्या माणसाला दुरुस्त करता येणार नाही.

त्याच सुमारास रोजच्या गाडीचा स्क्रीन अधूनमधून काळा पडायला लागला. वॉरंटी संपलेली. स्क्रीन गेला की एसी आहे त्या सेटिंगवर अडकतो, रिव्हर्स कॅमेरा बंद. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच, अख्खं युनिट बदला. उघडून बघणार नाही, आतली कुठली वायर सैल झाली का ते तपासणार नाही. किंमत ऐकून मी बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलो तर तिथला इलेक्ट्रिशियन हुशार आहे, पण तो म्हणाला की साहेब दुसऱ्या गाडीचं युनिट आणून लावीन पण कंपनीच्या कॉम्प्युटरने कोडिंग केल्याशिवाय ते जागं होणार नाही, आणि तो कॉम्प्युटर मला कोण देणार. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं त्यात गाड्या पण आहेत, मग या कोडिंगचं कुलूप बाहेरच्या गॅरेजसाठी उघडायला कंपन्यांना भाग पाडा की. नाहीतर आज घेतलेली गाडी आमची नातवंडं रिस्टोअर करणार कशी, त्या चिपा बनायच्या बंद झालेल्या असतील आणि इंजिन, पत्रा सगळं धडधाकट असून गाडी एका स्क्रीनपायी भंगारात जाईल.

जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पद्मिनीत एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही, चारी चाकांना ड्रम ब्रेक, धडक झाली तर नव्या गाडीतला माणूस वाचायची शक्यता कितीतरी जास्त. मॅपला आणि मागच्या कॅमेऱ्याला स्क्रीन पाहिजेच, त्याच्याशी माझं भांडण नाही. वायपर, इंडिकेटर, हॉर्न, चार इंडिकेटर एकदम लावायचं बटण, काचेवरची हवा, पंखा, एसीचं तापमान आणि आवाज, एवढ्या गोष्टींना हाताला लागणारं बटण किंवा नॉब पाहिजे, बाकी काय ते स्क्रीनमध्ये घाला.

हे अशक्य अजिबात नाही. युरोपात गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड म्हणजे चार इंडिकेटर एकदम, वायपर, हॉर्न आणि संकटात मदत मागायचं एसओएस यांना खरी बटणं असण्याला मार्क ठेवलेत. आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, ते मोठ्यांची सुरक्षा, मुलांची सुरक्षा आणि सेफ्टीची उपकरणं बघतात, त्यात हा एक मुद्दा घालायला काय हरकत आहे, आणि आपल्या यादीत काचेवरची हवा पण हवी कारण आपल्याकडे पावसाळा आहे. नियम केला की कंपन्या ऐकतात, १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा अलार्म, स्पीडचा अलार्म आणि मागचे पार्किंग सेन्सर प्रत्येक नव्या कारला सक्तीचे झाले, तेव्हा स्वस्तातल्या स्वस्त गाडीत पण ते आलेच ना.

आणि साहेब, एक विनंती तुमच्या पेपरलाच. तुमचे प्रतिनिधी नव्या गाड्या चालवून त्यावर लिहितात, तर पुढच्या वेळेपासून त्यांनी एक चौकट द्यावी, कुठल्या कामाला बटण आहे आणि कुठल्या कामाला स्क्रीन, आणि हात ओला करून तो स्क्रीन चालतो का तेही बघून लिहावं. गाडी घ्यायच्या आधी ते वाचायला मिळालं तर आमच्यासारख्यांना शोरूममध्ये नेमकं काय विचारायचं ते कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, मुलुंड (पूर्व)