ॲडॉप्टरचा खर्चही खोक्यावर छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या तंत्रज्ञान पुरवणीतला पातळ लॅपटॉपवरचा लेख वाचला. लेखकाने वजन, जाडी, पडदा, बॅटरी या सगळ्यांचे आकडे दिले आहेत. जुने यूएसबी पोर्ट काढून टाकल्याचा विषय मात्र एका ओळीत उरकला आहे. एखादा छोटा ॲडॉप्टर घेतला की काम भागते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या ओळीसाठीच हे पत्र लिहीत आहे. माझे काम भागले नाही आणि त्याचा भुर्दंड माझ्या क्लायंटला पडला.

मी इचलकरंजीत गेली बावीस वर्षे कर सल्लागार आहे. मागच्या वर्षी ऑफिससाठी ८२,९९० रुपयांचा लॅपटॉप घेतला. दोन टाइप-सी पोर्ट आणि हेडफोनचे एक भोक, एवढेच त्याला आहे. त्यातल्या एका पोर्टात चार्जर जातो, म्हणजे कामाला उरले एकच. दुकानात मी स्पष्ट विचारले होते, की माझ्याकडे दिवसभर डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, टोकन लागतात, प्रिंटर आहे, नेटची वायर आहे, हे सगळे चालेल ना? ‘टाइप-सीला सगळं चालतं, साहेब,’ असे उत्तर मिळाले. मग ३४९ रुपयांचा कन्व्हर्टर घेतला. तो पुरेना म्हणून २,७९९ रुपयांचा हब, म्हणजे एका पोर्टाला अनेक वायरी जोडायची डबी, घेतला. वायफाय दुपारी दगा देते म्हणून नेटच्या वायरीसाठी, म्हणजे लॅन केबलसाठी, १,४९९ रुपयांचा आणखी एक ॲडॉप्टर घेतला. एकूण ४,६४७ रुपये. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये हे सगळे अंगचेच होते आणि त्याची किंमत याच्या निम्मीही नव्हती.

पैशांचे मी सोसले असते. पण २० तारखेचे काय?

आपल्या वाचकांतले व्यापारी जाणतात, की दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची मुदत २० तारखेला रात्री बारा वाजता संपते. प्रोप्रायटरला मोबाइलवरच्या ओटीपीने रिटर्न भरता येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला ती सवलत नाही, तिला डिजिटल सहीच लागते. ही सही पेनड्राइव्हसारख्या टोकनात असते आणि त्या टोकनाचे टोक जुन्या यूएसबीचे, चौकोनी. माझ्या कपाटातल्या एकाही टोकनाला टाइप-सी नाही.

अशाच एका २० तारखेच्या रात्री एका प्रोसेसिंग युनिटचे संचालक स्वतः टोकन घेऊन माझ्यासमोर बसले होते. त्यांच्या खरेदीच्या दोन पावत्यांचा घोळ निस्तरायला संध्याकाळ गेली, पण साडेदहाला सगळे तयार होते. टॅक्सचे पैसे भरलेले होते. फक्त सही राहिली होती. टोकन हबला लावले, पिन टाकली आणि टोकन सापडत नसल्याचा संदेश आला. काढून परत लावले. टोकनाचा दिवा लागायचा आणि विझायचा. हब हाताला चटका बसेल इतका तापला होता, कारण चार्जर, लॅन आणि टोकन असा सगळा भार त्या एका डबीवर होता. लॅन काढली, मोबाइलचे नेट जोडले, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तरी तेच. पिन पुन्हा पुन्हा टाकायची भीती वाटत होती, कारण ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होते आणि नवी सही काढण्यात दिवस जातात. शेवटी सहायकाच्या घरून त्याचा जुना लॅपटॉप मागवला. त्यावर टोकनाचा ड्रायव्हर टाकला, सहीचे सॉफ्टवेअर टाकले. रिटर्न दाखल झाले तेव्हा बारा वाजून सहा मिनिटे झाली होती.

लेट फी पन्नास रुपये. कोणी म्हणेल, पन्नास रुपयांसाठी एवढे पत्र कशाला? ज्यांचा धंदा उधारीवर आणि शब्दावर चालतो त्यांना याचे उत्तर माहीत आहे. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकला की त्याने कोणत्या महिन्याचे रिटर्न कोणत्या तारखेला भरले ते जगाला दिसते. मोठे खरेदीदार माल घेण्याआधी ती यादी पाहतात. त्या युनिटच्या यादीत तोवर एकही उशीर नव्हता. आता एक आहे, आणि तो पुसता येत नाही. संचालक मला एका शब्दाने बोलले नाहीत, टोकन खिशात घालून निघून गेले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाले, हब लॅपटॉपच्या वॉरंटीत येत नाही. लॅपटॉप कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगितले, की बाहेरची ॲक्सेसरी आहे, लॅपटॉपमध्ये दोष नाही. हब ज्या वेबसाइटवरून घेतला तिथे माल परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती कधीच उलटली होती. तिघेही आपापल्या जागी नियमाने बरोबर. माझा राग नेमका याच गोष्टीवर आहे. कंपनीने पोर्ट काढले, त्याबरोबर त्याची जबाबदारीही स्वतःवरून काढून टाकली. पूर्वी लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बिघडले तर तो लॅपटॉपचा बिघाड होता. आता तो माझा बिघाड आहे, आणि त्याचे पैसेही मीच आधी मोजलेले आहेत.

पातळपणासाठी हे करावे लागते, असे आपल्या लेखात सुचवले आहे. मी पट्टी घेऊन मोजले. जुन्या यूएसबीच्या टोकाची उंची साडेचार मिलिमीटर. माझा लॅपटॉप मिटल्यावर मागच्या कडेला सोळा मिलिमीटर भरतो. जागा नव्हती असे मला कोणी सांगू नये.

ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमधून जुने यूएसबी, एचडीएमआय आणि मेमरी कार्डाचा स्लॉट एकदम काढून टाकले. लोक इतके चिडले, की त्याच नोव्हेंबरात कंपनीने ॲडॉप्टरच्या किमती काही काळापुरत्या उतरवल्या. २०२१ च्या मॉडेलमध्ये एचडीएमआय आणि कार्डाचा स्लॉट परत आले. पाच वर्षे ज्यांनी ॲडॉप्टरवर पैसे घातले त्यांना ते कोण परत देणार?

टाइप-सीला माझा विरोध नाही. उलटसुलट कसेही घालता येते, मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जर एक होतो, हे चांगलेच आहे. आपल्या मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले, तेही योग्यच. पण भोक एक दिसते म्हणून काम एक असते असे नाही, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. एका टाइप-सी पोर्टातून प्रोजेक्टर चालतो, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्यातून चालत नाही. एक केबल सेकंदाला ४० गिगाबिट वाहून नेते, तशीच दिसणारी दुसरी ४८० मेगाबिटवर थांबते. कपड्याच्या ताग्यावर लांबी, पन्हा छापतात. ऐंशी हजारांच्या यंत्राच्या खोक्यावर कोणते पोर्ट काय करते हे समोर, मोठ्या अक्षरात का छापत नाहीत?

युरोपीय संघाने सगळ्यांसाठी एकच चार्जर करताना एक चांगली गोष्ट केली. खोक्यात चार्जर आहे की नाही हे चित्राने दाखवायचे आणि किती वॅट लागतात ते लिहायचे, असे बंधन घातले. मोबाइलला हा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ पासून. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे. पाकिटबंद मालावर सर्व करांसह किंमत छापावी लागते. मग ज्या वस्तूंशिवाय तो माल नेहमीच्या कामाला लागत नाही त्यांची यादीही त्याच खोक्यावर हवी, अशी माझी मागणी आहे. ‘जुन्या यूएसबीसाठी वेगळा ॲडॉप्टर लागेल’ एवढी एक ओळ असती, तर मी तो लॅपटॉप घेतला नसता.

आणि किमतीचा विषय निघालाच आहे तर आपल्याही पहिल्या पानाबद्दल बोलतो. दसऱ्याच्या दिवशी आपल्या अंकाला लॅपटॉपच्या जाहिरातीचे पूर्ण पान होते. मोठ्या आकड्यातली किंमत पाहून माझ्या भाचीने मला फोन केला. भिंग घेऊन खालची ओळ वाचली तेव्हा कळले, की ती किंमत एका बँकेचे कार्ड, जुना लॅपटॉप देणे आणि वर्षाचे हप्ते एवढे सगळे केले तरच आहे. जाहिरात कंपनीची असते हे मला कळते. पण अक्षर किती बारीक चालेल हे तरी आपल्या हातात असावे. आमच्या घरी तीस वर्षे हा पेपर येतो, त्यात छापलेला आकडा खरा असतो असे भाचीने माझ्याकडूनच ऐकले आहे.

पुढच्या वेळी लॅपटॉपचे परीक्षण छापाल तेव्हा वजन आणि जाडीच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत. कोणते पोर्ट आहेत आणि नेहमीचे काम करायला वर आणखी किती खर्च येतो. लेखकाला हवे असल्यास कोणत्याही २० तारखेला संध्याकाळी माझ्या ऑफिसात येऊन बसावे. सहायकाचा तो जुना लॅपटॉप मी आता विकत घेऊन टेबलावरच ठेवला आहे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी