बायबलमध्ये अवतरणचिन्हे असती तर

महोदय,

बायबलमध्ये काय अधिक स्पष्ट करून सांगायला हवे होते, असा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास काइनच्या बायकोचा असतो: पहिला माणूस आदाम, त्याच्या या मुलाला बायको मिळाली कुठून? त्याचे अर्धे उत्तर पुढच्याच अध्यायात आहे: आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्या, असे उत्पत्ती ५:४ (उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा अध्याय ५, ओळ ४) सांगते. (खरे तर बायकोपेक्षा नगराचे कोडे मोठे. काइन चौथ्या अध्यायात ते बांधतो. त्यात राहायला माणसे कुठून आली, हे क्वचितच कोणी विचारतो.) दुसरा प्रश्न मोजमापांचा. नोहाचे तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. पण हात केवढा? ४५ सेंटिमीटरचा धरला तर तारू १३५ मीटर लांब भरते, ५२ सेंटिमीटरचा धरला तर १५६ मीटर. यहेज्केलच्या पुस्तकात ४३:१३ मध्ये तिथला हात नेहमीच्या हातापेक्षा चार अंगुळे मोठा असल्याचा खुलासा आहे, उत्पत्तीत तो नाही. पण तारू वीस मीटरने कमीजास्त झाले म्हणून कोणाच्या वागण्यात काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो वाक्य कोणाचे आहे हेच कळत नाही तिथे. नव्या कराराच्या (बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाच्या) जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नाहीत, शब्दांमध्ये सहसा जागा सोडलेली नाही आणि विरामचिन्हे तुरळक आहेत. छापील प्रतीतले प्रत्येक अवतरणचिन्ह भाषांतरकाराने किंवा संपादकाने ठरवून घातलेले असते, आणि बहुतेक वाचकांना याची कल्पना नसते.

सर्वांत जास्त गोंधळ करिंथकरांस, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, प्रेषित पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ) होतो. पौलाला करिंथहून पत्र आले होते (७:१), ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून तोंडी बातमी कळली होती (१:११), आणि त्याने स्वतः त्याआधी एक पत्र पाठवले होते (५:९). त्यांचे पत्र आणि त्याचे आधीचे पत्र, दोन्ही आज उपलब्ध नाहीत. म्हणजे आपण उत्तर वाचतो आहोत, प्रश्न न वाचता. ‘पुरुषाने स्त्रीला स्पर्श न करणे बरे’ हे ७:१ मधले वाक्य पौलाचे मानले तर तो विवाहाकडे तुसडेपणाने पाहणारा ठरतो; करिंथकरांचे मानले तर पुढची वाक्ये त्याला दिलेली दुरुस्ती ठरतात आणि पौल नवरा-बायकोला एकमेकांपासून दूर राहू नका असे सांगताना दिसतो. ६:१३ तर आणखी चिवट. ‘अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी’ हे करिंथकरांचे घोषवाक्य, यावर बऱ्याच अभ्यासकांचे एकमत आहे. पण ‘देव दोन्हींचा अंत करील’ हा पुढचा तुकडा कोणाचा? त्यांचा असेल तर शरीर नाहीतरी नष्ट होणार, मग हवे तसे वागा, अशी ती पळवाट आहे. पौलाचा असेल तर तीच ताकीद आहे.

अशी वाक्ये ओळखायच्या काही खुणा आहेत. वाक्य आखूड, घोषणेसारखे असते. लगेच ‘पण’ येऊन त्याला मुरड घातली जाते. ते पुन्हा येते. ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे’ हे ६:१२ मध्ये दोनदा आहे, आणि त्याच धाटणीचे वाक्य १०:२३ मध्येही दोनदा, दर वेळी ‘पण’सह. ‘अमक्याविषयी’ अशी सुरुवात झाली (७:१, ७:२५, ८:१, १२:१) की त्यांनी विचारलेला किंवा त्यांच्यात गाजत असलेला विषय हाती घेतला असे बहुधा धरता येते. मात्र पौल इतरत्र वेगळे म्हणतो, एवढ्याच आधारावर वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. तसे केले तर आपल्याला न पटणारे प्रत्येक वचन करिंथकरांच्या माथी मारता येईल.

याची कसोटी १४:३४-३५ वर लागते. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे तिथे म्हटले आहे. पण ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे गृहीत धरलेले आहे. म्हणून काही अभ्यासक या दोन ओळी करिंथकरांचे मत मानतात. मला ते पटत नाही: मजकूर लांब आहे आणि घोषवाक्यासारखा नाही. त्यापेक्षा विचार करण्याजोगी गोष्ट अशी की काही हस्तलिखितांत या ओळी चाळिसाव्या ओळीनंतर येतात. त्या मागाहून कोणीतरी समासात लिहिलेल्या टिपेतून मजकुरात आल्या असाव्यात, या शंकेचा तो एक आधार आहे. तो निर्णायक नाही, पण या वचनावर मंडळीचा नियम बांधणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा.

शुभवर्तमानांतही हे घडते. योहान ३ मध्ये निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याशी चाललेले येशूचे बोलणे १५ व्या ओळीला संपते आणि पुढे लेखक बोलतो, की ते २१ व्या ओळीपर्यंत चालते? येशूचे शब्द लाल शाईत छापणाऱ्या प्रती (ही पद्धत १८९९ मध्ये अमेरिकेत छापलेल्या नव्या करारापासून आली) शाईच्या रंगानेच याचा निकाल लावून टाकतात. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात २:१४ मध्ये पौल अंत्युखिया शहरात केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्राला, सर्वांसमोर सुनावतो. ते बोलणे त्याच ओळीत थांबते की अध्यायाच्या शेवटापर्यंत चालते, यावर भाषांतरे फुटतात. लूक २३:४३ मध्ये वाद स्वल्पविरामाचा आहे. शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला येशू म्हणतो, ‘मी तुला खचीत सांगतो आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’: यातला ‘आज’ हा शब्द ‘सांगतो’ला जोडायचा की ‘असशील’ला? मला दुसरे वाचन सरस वाटते. ‘मी तुला खचीत सांगतो’ ही सुरुवात येशूच्या तोंडी वारंवार येते, आणि तिला दुसऱ्या कुठेही ‘आज’ जोडलेले नाही. गीतरत्न या जुन्या करारातल्या प्रेमकाव्यातली पात्रे तर मुळात नावाविना बोलतात. चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात (बायबलच्या एका जुन्या ग्रीक प्रतीत) कोण बोलते याच्या सूचना लाल शाईत घातल्या आहेत, म्हणजे वाचकांची ही तक्रार निदान सोळाशे वर्षे जुनी आहे.

अध्याय आणि ओळींचे आकडेही मूळचे नाहीत. अध्याय तेराव्या शतकातले. नव्या करारातल्या ओळींचे आजचे आकडे १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन यांनी छापलेल्या आवृत्तीतले. १ करिंथ ११:१ हे दहाव्या अध्यायाचे शेवटचे वाक्य आहे, हे आकडे झाकून वाचले की लगेच कळते. अवघड जागी आधी हेच करावे: आकडे आणि मथळे झाकावेत, मागच्या विषयाच्या सुरुवातीपासून वाचावे, आणि दोन भाषांतरे शेजारी ठेवून अवतरणचिन्ह कुठे उघडते, कुठे मिटते ते पाहावे. जिथे दोन्हींत फरक दिसेल, तिथे मूळ मजकुराने निकाल दिलेला नाही असे समजावे.

बायबल छापणाऱ्या संस्थांनी वर सांगितलेल्या जागी एकेक ओळीची तळटीप द्यावी: ‘अवतरण येथे संपते असे काहींचे मत’, आणि १ करिंथ १४ ला ‘काही प्रतींत या ओळी ४० नंतर’. पूर्ण पवित्र शास्त्राच्या प्रतीत याने एक पानही वाढणार नाही.

आपला,
एक वाचक