घाऊक ईमेल : बनवणाऱ्याचीही जबाबदारी

घाऊक ईमेल पाठवण्याचे तंत्र खुलेपणाने वाटावे का, या वादात ‘सेंडमेल’ची आठवण ठेवायला हवी. सर्व्हरवरून ईमेल पोचवणारे हे मोफत सॉफ्टवेअर पूर्वी कोणाचेही टपाल कोणालाही पोचवून देई. परस्परविश्वासाचा काळ होता तो. नव्वदच्या दशकात जाहिरातबाजांनी त्याच भलेपणाचा फायदा घेत परक्यांच्या सर्व्हरवरून कचरा ओतला. अखेर १९९८ मध्ये, ८.९ आवृत्तीपासून, परक्यांचे टपाल पुढे धाडणे मुळातच बंद ठेवले गेले. सॉफ्टवेअर मात्र खुलेच राहिले! ग्रंथालयांना, शाळांना घाऊक ईमेलचे तंत्र हवेच. पण यादीतून नाव काढण्याची सोय आणि पाठवण्यावरची मर्यादा बनवणाऱ्यानेच आधीपासून चालू करून द्यावी. ‘वापरणारा बघून घेईल’ म्हणत हात झटकणे मला पटत नाही.

– एक संगणक शिक्षक, सातारा