वाळवंटीच्या काठावरून

साखळी, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर राजस्थानातल्या सूर्यविजेच्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तिथलं ऊन कोरडं असतं, आपल्यासारखी चिकचिक नाही, सोसतं." आई शेजारीच बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. तिच्या मनात आधीच पन्नास शंका, त्यांत माझी भर कशाला? पण ते 'सोसतं' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे पत्र.

फलोदीला जाऊ नको असं मी सांगणार नाही. नऊ वर्षं कुवेतला काढलेल्या माणसाने ते कुठल्या तोंडाने सांगावं! सूर्यावरच वीज करायची तर जिथं तो तळपतो तिथंच जावं लागणार, आणि फलोदीकडच्या भडल्याला दोन हजार मेगावॉटच्या वर वीज होते, तेव्हा शिकायलाही मिळेल. वाळवंटी नदीच्या काठावर वाढलेली पोर खऱ्याखुऱ्या वाळवंटात निघाली, याचं मला हसूही येतं. पण तू ती जागा पाहिलीस जानेवारीत. जानेवारीत तिथं सकाळी स्वेटर लागतो, दुपारचं ऊन खावंसं वाटतं. त्याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. आणि हवामान खात्याचा आकडा सावलीतला, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचा असतो. पॅनेलांच्या दोन रांगांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचा नव्हे.

आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते तुला ठाऊक आहे. पारा पस्तिशीला पोचत नाही तोवर माणूस अंगणात नुसता उभा राहिला तरी कोपरांवरून घाम ठिबकतो. वैताग येतो, पण बाय, तो घाम आपल्याला सांगत असतो: बस आता, पाणी पी, सावलीत जा. कोरड्या उन्हात हा सांगणाराच नसतो.

१९८१ च्या जूनमध्ये मी कुवेतला अहमदीजवळ पाइपलाइनच्या कामावर रुजू झालो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मनातून खूश होतो, कारण शर्ट कोरडा ठणठणीत. म्हटलं, लोक उगाच घाबरवतात, इथं तर घामच येत नाही. पालक्काडकडचा एक वयस्कर फोरमन होता. त्याने मला पाठमोरं उभं केलं आणि माझ्या निळ्या शर्टावरून बोट फिरवून माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर पांढरी भुकटी. आगरातल्या मिठासारखं मीठ! पाठभर त्याचे नकाशे उमटले होते. त्याने एकच विचारलं, "लघवीला कधी गेलास?" मी आठवू लागलो. पहाटे, खोलीवर. तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. मी हसून काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात पोटरीत असा गोळा आला की खालीच बसलो, आणि मग ओकलो. पाण्याच्या टँकरच्या सावलीत त्याने मला तासभर भिजवून ठेवलं, मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. कंपनीच्या वहीत त्या दिवशीची माझी अर्धी हजेरी कापली गेली, ती मला अजून आठवते.

घाम येत नव्हता असं नाही. तो दिसण्याआधीच वाळत होता. घाम वाळला तरच शरीर थंड होतं, एका लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. आपल्या हवेत आधीच इतका ओलावा की घाम वाळत नाही, नुसता गळतो. तिथली हवा मात्र तो शोषून घेते. म्हणजे थंडावा मिळतो हे खरं, फक्त त्याची किंमत कुठे जाते ते दिसत नाही. जड कामात तासाला लिटरभर पाणी असं गुपचूप निघून जातं. आपला माठ आठव. मार्चमध्ये पाणी बऱ्यापैकी गार असतं, आणि जुलैत तोच माठ कोमट. गेल्या वर्षी हौसेने आणलेल्या कूलरने आपल्या माजघराची न्हाणी केली, तीही त्याच कारणाने.

तिथं तो कूलर चालेल, मस्त चालेल. पण जुलैत पावसाचे वारे राजस्थानात पोचले की हवा ओलसर होते आणि त्याचा जोर जातो. म्हणून क्वार्टरमध्ये एसी आहे का ते आत्ताच विचार. नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नको. चाळीसच्या वर गेलं की पंखा म्हणजे भट्टीचा भाता.

आता एक गोष्ट, जी बापाने लिहायची नाही म्हणतात. साइटवर बायकांचा संडास कुठे आहे आणि पॅनेलांपासून किती लांब आहे, हे सही करण्याआधी विचार. गाडी न्यावी लागते का? दार लागतं का? लाजू नको. सोय नसली की बायका पाणी कमी पितात, हे मी तुझ्या आईच्या शाळेच्या दिवसांपासून पाहत आलोय. गोव्यात ते कसंबसं निभावतं. तिथं त्याचा मुतखडा होईल, नाहीतर माझ्यासारखी एखाद्या टँकरखाली पडशील. पगाराच्या आकड्याआधी मी हा प्रश्न ठेवला असता.

पाणी थोडं थोडं, सतत. एका दमात दोन बाटल्या नको, आणि तासाला दीड लिटरच्या वर तर नकोच, कारण नुसतं पाणीच ओतलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाल, अर्ध्या बाटलीत नको. तिकडे ताक उत्तम मिळतं. आई कोकमाचं आगळ बांधून देणारच आहे, त्यात मीठ असतंच. लघवीचा रंग पाहत जा. चहासारखा दिसला की काम थांबव.

नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाचंच काम, मग रोज थोडं वाढवायचं. साहेबाला हे पटत नसेल तर तो साहेब कसा आहे तेही कळेल. मे महिन्यात मानकुराद आंबे खायला पंधरा दिवस घरी आलीस, तर परत गेल्यावर पहिले चार दिवस पुन्हा जपून. शरीर विसरतं.

बाकी किरकोळ. नाकाचा घोळणा फुटेल, घाबरू नको, रात्री बोटाने थोडं खोबरेल लाव. पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे. गावातल्या बायका डोक्यावरून ओढणी घेतात ती नुसत्या रिवाजासाठी नाही. आणि बरोबरचं कोणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, तर 'चेष्टा करतोय' समजू नको. सावलीत ने, अंगावर पाणी ओत, वारा घाल, दवाखान्याची गाडी बोलाव. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नको.

एवढं लिहूनही माझं म्हणणं एकच. होकार देण्याआधी मे महिन्यात आठ दिवस तिथं राहून बघ. ते म्हणतील, आत्ताच सही करा. त्यांना सांग, मला जागा उन्हाळ्यात पाहायचीय. सोबत मी येतो. गुडघे कुरकुरतात, पण गाडीत बसायला गुडघे लागत नाहीत. दुपारी दोन वाजता तुझ्याबरोबर दहा मिनिटं बाहेर उभा राहीन, आणि तू शर्टाला हात लावून पाहा.

रविवारी फोन कर. तारीख ठरवू.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, वाजवायची पेटी नेणार आहेस का? नेऊ नको. तिथल्या हवेत लाकूड आकसतं, सांध्यांतून वारा सुटतो. पावसाळ्यात इथं ती दमट होऊन रडते ते वेगळं, ते आपल्याला सवयीचं आहे.